शैलूला तू सांग

साखळी, चवथीच्या आधी

प्रिय उल्हास,

आम्ही सगळे ठीक, आईचे गुडघे होते तसेच. माझ्या बहिणीचं, शैलूचं मात्र ठीक नाही. तुलाच लिहितोय, कारण ती माझं ऐकत नाही आणि तुझं ऐकते. यावरून तुझ्याशी खूप भांडलोय, आज त्याचाच उपयोग करून घ्यायचाय.

शिमग्याच्या सुमाराचं तुला माहीत आहे. मांड्यांवर निळे डाग, हिरड्यांतून रक्त. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट निघाल्या नऊ हजार. माणसाला दीड लाख तरी हव्यात. बांबोळीच्या हॉस्पिटलात आयटीपी म्हणाले, म्हणजे शरीरच आपल्या प्लेटलेटना परकं समजून संपवतं. स्टिरॉइडने चढल्या, डोस उतरवला की पुन्हा खाली. एकदा फारच पडल्या तेव्हा इम्युनोग्लोब्युलिनच्या बाटल्या लावल्या. स्टिरॉइडने तोंड इतकं सुजलंय की आरशासमोर उभी राहून म्हणते, ‘दादा, बघ, मोठी मावशी आली.’ आम्ही पोट धरून हसलो. आई तेवढी उठून आत गेली.

आता डॉक्टरांनी रिटुक्सिमॅब ठरवलंय, आठवड्याला एक अशी चार सलाइनं. प्लीहा काढायचा पर्याय होता, पण ऑपरेशनला तिने साफ नकार दिला.

या औषधाआधी हिपॅटायटिस बी तपासतात. सरफेस अँटिजेन, म्हणजे विषाणूच्या वरच्या कवचाचा अंश, निगेटिव्ह आला, घरात सगळे खूश. डॉक्टरांचं बोट खालच्या ओळीवर होतं. कोअर अँटिबॉडी, म्हणजे विषाणूशी लढताना शरीराने बनवलेलं प्रथिन: पॉझिटिव्ह. म्हणजे हा विषाणू कधीतरी येऊन गेलाय. मला वाटलं, बाटल्यांमुळे असेल. तसं होतंही, रे. इम्युनोग्लोब्युलिन हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून काढतात, त्यांच्या अँटिबॉडी त्यातून येतात आणि नंतरची तपासणी फसवू शकते. पण फाइलमध्ये बाटल्यांच्या आधीचा रिपोर्ट निघाला. तोही पॉझिटिव्ह.

तुला ते काविळीचं वर्ष आठवलं असेलच. तुझ्या आईने शैलूच्या गळ्यात माळ घातली, माझ्या बाबांनी ती तोडली, आणि आपण दोघं शाळेत वेगवेगळ्या बाकांवर. माळ लांबत गेली की कावीळ उतरते, असं काकी म्हणायच्या. मी आजही म्हणतो की बहुतेक काविळी आपसूक उतरतात आणि नाव माळेचं होतं. आता यावर उलट पत्र लिहू नकोस. शिवाय ती साथ होती, बहुधा पाण्यातून आलेली. हिपॅटायटिस बी रक्तातून येतो. मला आठवतो तो त्याच वर्षीचा कंपाउंडर. स्टोव्हवर एक डबी, डबीत एकच काचेची सिरिंज, आणि रांगेत तू, मी, शैलू. तिथूनच आलं असं कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण तू स्वतः तपासून घे, आणि नुसतं सरफेस अँटिजेन नव्हे, कोअर अँटिबॉडी टोटलही सांग. तुझ्या मुलीची काळजी नाही, तिला जन्मल्यावर लस मिळालीय. आपल्या वेळी इथे कुणी नावही ऐकलं नव्हतं.

आता खरी गोष्ट. विषाणू रक्तातून गेला तरी यकृताच्या पेशींच्या आत त्याचं बीज उरतं. प्रतिकारशक्ती जागी आहे तोवर ते उगवत नाही. रिटुक्सिमॅब अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशीच काढून टाकतं, आणि त्या परतायला सहा महिने, कधी वर्षही जातं. तेवढ्यात विषाणू उठला तर यकृत निकामी होऊन माणूस दगावू शकतो. 2013 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीतला इशारा टाकला तो याचसाठी. शेवटच्या डोसनंतर 24 महिन्यांपर्यंत असं घडल्याची नोंद त्यात आहे. म्हणजे प्लेटलेट लाखावर, सगळे आनंदात, आणि तेव्हा!

यावर उपाय आहे, म्हणून तर जीव तुटतो. विषाणूला दाबून ठेवणाऱ्या एन्टेकॅविरची रोज एक गोळी, रिकाम्या पोटी, खाण्याच्या आधी आणि नंतर दोन-दोन तास सोडून. रिटुक्सिमॅबच्या आधी सुरू करायची आणि शेवटच्या डोसनंतर निदान वर्षभर, कधी दीड वर्ष. मध्ये यकृताच्या आणि विषाणूच्या तपासण्या. एवढंच.

पण शैलू म्हणते, ‘मला रोगच नाही, तर गोळी कशाला?’ त्यामागचं कारण वेगळं आहे, ते तिने तिच्या वहिनीला, माझ्या बायकोला सांगितलं. रिपोर्ट आल्यापासून सासूने तिचं ताट-पेला वेगळा ठेवलाय. गोळी घेतली म्हणजे रोग कबूल केला, असं तिच्या डोक्यात बसलंय. उल्हास, माझं रक्त उकळलं. तिच्या रक्तात विषाणूचा डीएनए सापडलेला नाही, सरफेस निगेटिव्ह आहे, तिच्यापासून कुणाला काही होणार नाही. आणि हा रोग असलेल्याच्या ताटात जेवल्यानेसुद्धा तो लागत नाही. हे मी त्या घरी जाऊन मोठ्याने सांगून आलो. त्याने शैलू आणखी गप्प झाली.

आणि समजा, सुरू केलीच, तरी मला धास्ती मधल्या काळाची. पेटीचा क्लास, शिवणाचा डिप्लोमा, तुझ्याकडून नेलेली ती इंग्रजीची वही, सगळं अर्धवट. बरं वाटलं की ती सोडून देणार. ही गोळी मध्येच सोडली तरी विषाणू उसळू शकतो.

नवा फ्लॅट छान असेल, फोटो पाठव. मुलीची दहावी ना यंदा? वहिनींना नमस्कार. नोकरीचं सविस्तर लिही, मी वाचेन, आज डोकं ठिकाणावर नाही.

रविवारी दुपारी तिला फोन कर, तेव्हा सासू झोपलेली असते. आधी पेल्याचं बोल, गोळीचं नंतर. पहिलं सलाइन चवथीनंतर लगेच आहे, त्याआधी गोळी सुरू व्हायला हवी. मी पत्र लिहिलंय हे सांगितलंस तरी चालेल. रागावेल, पण तुझा फोन ठेवणार नाही.

तुझा,
गुरुदास