विलीज जीपच्या ब्रेक किटमधील सदोष रबराबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

१९४३ च्या विलीज एमबी जीपसाठी आपल्याकडून घेतलेले ब्रेक किट सदोष निघाले आहे. बिलाची प्रत व फोटो जोडले आहेत.

पाकिटावर ‘डॉट ३ साठी’ (म्हणजे या दर्जाच्या ब्रेक ऑइलसाठी) असे छापले आहे. सीलबंद डबीतले नवे डॉट ३ ऑइल भरून नीट हवा काढली, तरी आठवड्याभरात चारही चाके जाम. पेडलला अर्धा इंच मोकळी चाल होती. या गाडीचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसमागे (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीमागे) असतो, त्यामुळे तेही कारण नाही. ब्लीडर निपल (चाकाजवळचा हवा काढायचा स्क्रू) सैल करताच ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळे फिरले. म्हणजे दाब आतच अडकत होता. पेडलने दाब तयार करणारा मास्टर सिलिंडर उघडला तर त्यातला कप (दाब धरणारे रबरी सील) फुगून लिबलिबीत झालेला, पेडल पूर्ण मागे आले तरी त्याची कड परतीच्या बारीक छिद्रावरच बसलेली. मग ऑइल टाकीत परत जाणार कुठून?

‘ऑइल भेसळीचे असेल’ हा आपल्या प्रतिनिधीचा खुलासा मान्य नाही. त्याच डबीतल्या ऑइलमध्ये आपला एक कोरा कप आणि दुसऱ्या बनावटीचा एक कप वेगवेगळ्या बरण्यांत ठेवले. आपला दीड मिलिमीटरने फुगला, दुसरा जसाच्या तसा. डॉट ३ सारख्या ग्लायकोलच्या ऑइलमध्ये ईपीडीएम रबर टिकते, नायट्राइल रबर फुगते. आपण नायट्राइल वापरल्याचा आमचा ठाम संशय आहे.

एमबीला चारही चाकांसाठी एकच ब्रेक लाइन असते. ब्रेक घासत राहून ड्रम तापला आणि ऑइल उकळले, तर पेडल थेट तळाला जाते. घाटात याचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको.

सोबत मागवलेले वीसही व्हील नट सरळ आट्यांचे आले. या गाडीच्या डाव्या बाजूला उलट्या आट्यांचे दहा लागतात.

पुढील गोष्टी १५ दिवसांत कराव्यात: किट व ऑइलचे पूर्ण पैसे परत, नट बदलून आणि रबर कशाचे आहे याचा लेखी दाखला. आपल्या कॅटलॉगमध्ये हेच कप महिंद्राच्या जुन्या सीजे-३बी जीपसाठीही दाखवले आहेत, म्हणून या लॉटची विक्री आजच थांबवून आधीच्या खरेदीदारांना फोन करावेत. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे दाद मागू. फुगलेले कप आणि रिकामे पाकीट जपून ठेवले आहे.

कळावे,
आपला ग्राहक