सिस्टर, तो आवाज तुम्ही आधी ऐकवलात

प्रिय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत आहे, पण तुम्हाला न विचारता ते चारचौघांत मांडणं बरं वाटलं नाही. वाचाल तेव्हा ओळखालच. जूनचा शेवटचा आठवडा, डावी बाजू, गणवेश शिवणारी बाई, जिने झोपल्या झोपल्या तुम्हाला सुईचा नंबर विचारला होता.

पत्र उघड लिहितेय, कारण त्या दिवशी, सुईने माझ्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला काढताना (बायोप्सी म्हणतात ती), तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते अजून कितीतरी बायकांना कळायला हवं. आमच्याकडे छातीच्या गाठीबद्दल बायका दार लावून बोलतात, तेही अर्धंच. अर्ध्या गोष्टीची भीती पुऱ्या गोष्टीपेक्षा जास्त असते, हे मी तीन महिने भोगलं आहे.

गाठ मला पाडव्यानंतर चार-पाच दिवसांनी अंघोळ करताना लागली. बोराच्या आठळीएवढी, टणक, न दुखणारी. दुखत नाही म्हणजे काही नसेल, असं मी धरून चालले. आणि हंगाम तोंडावर होता. सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आणि टॉवेल आठवतात, पण इथली कितीतरी घरं शाळेच्या गणवेशांवर चालतात. एप्रिल ते जूनचा मध्य, म्हणजे शाळा उघडेपर्यंत, आम्हाला मान वर करायला वेळ नसतो. त्रेचाळीस डिग्रीच्या उन्हात पत्र्याखाली मशीन चालवायची आणि रात्री कॉलरी मोजायच्या. मी कटिंग बघते, माझ्या हाताखाली नऊ बायका आहेत. मी दोन दिवस गेले नाही तर नऊ जणींची मजुरी अडते. म्हणून थांबले. तुम्ही मला त्यावरून रागावला नाहीत. नुसतं म्हणालात, "दुखत नाही म्हणूनच बाया थांबतात, ताई. दुखलं असतं तर दुसऱ्या दिवशी आला असता."

शाळा उघडल्यावर सोनोग्राफी करून घेतली. कुठे, ते लिहीत नाही. तपासताना कुणी एक शब्द बोललं नाही, दार दोनदा उघडलं गेलं, आणि संध्याकाळी पाकीट हातात आलं. घरी येऊन वाचलं. बाकी इंग्रजी डोक्यावरून गेलं, पण शेवटी लिहिलेलं तेवढं दिसलं: "बायरॅड्स ४ए". चार. मला वाटलं, चौथी स्टेज. मी ते पाकीट शिलाईच्या खोक्यात, कात्र्यांच्या खाली ठेवलं आणि रात्रभर जागी राहिले. मुलीच्या बारावीचं काय, भिशीचे पैसे कुणाला सांगायचे, सगळा हिशेब करून ठेवला. एका आकड्यावर. त्या रात्रीचा राग अजून माझ्या मनात आहे. पाकीट देणाऱ्या माणसाने एक मिनिट बोललं असतं तर ती रात्र तशी गेली नसती.

पुढे एकाने सांगितलं, "सुईबिई कशाला, चीर देऊन काढूनच टाकू." शेजारच्या काकू म्हणाल्या, "सुई अजिबात लावू देऊ नकोस, सुई लागली की पसरतं." नवरा गप्पच. त्याला काय बोलावं कळत नव्हतं आणि मला त्याचा गप्पपणा सोसत नव्हता.

भाचीने ओढून तुमच्याकडे आणलं. तुमच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा तो चार उलगडून सांगितला. हा आकडा स्टेजचा नाही, फोटोत गाठ कशी दिसते त्याचा आहे. शून्य ते सहा असे वर्ग असतात. चार म्हणजे नुसतं बघून खात्री देता येत नाही, तुकडा काढून तपासायला हवा. त्यातही ए म्हणजे शंका कमी, शंभरातल्या दोन ते दहा जणींनाच कॅन्सर निघतो. काढूनच टाकण्याबद्दलही ते बोलले. गाठ कसली आहे ते न कळता चीर दिली, आणि ती वाईट निघाली, तर ऑपरेशन दुसऱ्यांदा करावं लागू शकतं. साधी निघाली तर चीर उगाच गेली. म्हणून आधी सुई. आणि सुईने पसरत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं, कारण माझं तोंड बघून त्यांना कळलं की एकदा पुरलं नाही.

हे सगळं पटलं. तरी त्या खोलीच्या दारात माझे पाय थांबले. पटणं डोक्यात असतं, पाय वेगळेच असतात.

तिथून पुढे तुम्ही होतात.

आधी विचारलंत, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, ॲस्पिरिन वगैरे. मग झोपवलंत, डाव्या खांद्याखाली उशी दिलीत, हात डोक्यावर घ्यायला लावलात. तिथला झगा पाठीमागून बंदांचा, म्हणजे पुढून काढायचा तर सगळाच उतरवावा लागतो. तुम्ही काही न बोलता कपाटातून टॉवेल आणलात आणि उजवी बाजू झाकलीत. आपल्याच गावचा टॉवेल, काठ बघून मी ओळखला. त्या टॉवेलाने मला जेवढा धीर दिला तेवढा त्या आठवड्यात कुणाच्या शब्दांनी दिला नव्हता.

मग तुम्ही ते यंत्र हातात घेऊन माझ्या डोळ्यांसमोर धरलंत. पेनासारखं, पण जाड. म्हणालात, "हे बघा. याच्यात स्प्रिंग आहे. तुकडा घेताना आवाज येतो. आवाजाने दचकायला होतं, आणि दचकलं की सुई हलते. म्हणून आधीच ऐका." आणि हवेत दाबलंत. खट्. पुन्हा एकदा. खट्. तिसऱ्यांदा मला विचारून. तिसऱ्यांदा मी दचकले नाही.

तेव्हाच मी नंबर विचारला. तुम्ही म्हणालात, चौदा. मला हायसं वाटलं, कारण आमच्या मशीनला चौदा नंबर म्हणजे रोजची सुई, गणवेशाच्या कापडाला चालणारी. तुमच्या लक्षात आलं. "तुमच्याकडे नंबर वाढला की सुई जाड होते ना? आमच्याकडे उलटं, नंबर वाढला की बारीक. ही चौदा तुमच्या चौदापेक्षा दुपटीने जाड आहे." दुसरी कुणी असती तर मला त्या समाधानात राहू दिलं असतं. तुम्ही खरं सांगितलंत, आणि लगेच त्याच्या पुढचंही: "पण ती तुम्हाला टोचल्याची कळणार नाही. कळेल ती आधीची बारीक, भुलीची. लाल मुंगी चावल्यासारखी आग, दहापर्यंत मोजा, संपते."

मी मोजलं. आठव्यालाच आग ओसरली.

त्यानंतर डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बारीकशी चीर दिली आणि सुई आत घेतली. दाबल्यासारखं, ओढल्यासारखं वाटलं. दुखलं असं म्हणता येणार नाही. प्रत्येक वेळी खट् व्हायच्या आधी तुम्ही माझ्या दंडावर बोट टेकवत होतात. पाच वेळा. पाचव्यानंतर बाटली दाखवलीत. पाण्यासारख्या फॉर्मलिनमध्ये पाच पांढुरके तंतू, शेवयांच्या तुकड्यांसारखे. बाटलीवर माझं नाव आणि "डावी बाजू" लिहून ते मला मोठ्याने वाचून दाखवलंत. चुकून कुणाची बाटली कुणाला जाऊ नये म्हणून. मी रोज गठ्ठ्यांवर शाळेचं नाव आणि साइझ लिहिते, त्यामुळे हे वाचून दाखवणं किती मोलाचं आहे ते मला कळतं.

मग दहा मिनिटं तुम्ही स्वतः तळहाताने दाबून धरलंत. घड्याळाकडे बघून, मध्ये हात न काढता. त्या दहा मिनिटांत बाकीचं सांगितलंत: बर्फ कपड्यात गुंडाळून ठेवा, आज-उद्या कापडाचे तागे उचलू नका, दुखलं तर पॅरासिटॅमॉल, निळंजांभळं होईल, मग हिरवट पिवळं होईल, घाबरू नका; पण सूज वाढत गेली, रक्त थांबेना किंवा ताप आला तर लगेच या. जसं सांगितलंत तसंच झालं, रंगांच्या क्रमासकट. आणि म्हणालात, "रिपोर्टसोबत तुमच्या तुकड्याच्या काचेच्या पट्ट्या आणि तो तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळाही असतो. तो नीट राहिला पाहिजे. पुढे कुठे दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं झालं तर त्यावरच पुन्हा तपासता येतं."

एकदाही तुम्ही "काही होणार नाही, देवावर सोडा" म्हणाला नाहीत. तोवर प्रत्येकाने मला तेच सांगितलं होतं, प्रेमानेच सांगितलं होतं, आणि ते ऐकून मी प्रत्येक वेळी जास्त एकटी पडत होते. तुम्ही फक्त पुढे काय होणार ते सांगत राहिलात, आणि तसंच होत राहिलं. चौथ्या खटला माझा विश्वास बसला की या बाईने सांगितल्यापलीकडे काही अचानक येणार नाही.

माझ्यानंतर आत आलेली अक्का आठवते का? पूर्व भागातली, विड्या वळणारी, माझ्याशेजारी बाकावर पदर तोंडात धरून बसली होती. तिला मराठी समजत होतं, पण भीतीने कान बंद झाले होते. मी बाहेर बर्फ धरून बसले होते, तेव्हा तुमचा आवाज ऐकला. मोडक्या तेलुगूत, "अक्का, कोंचम नोप्पी", थोडंच दुखेल. आणि मग खट्, खट्, खट्, हवेत. ती बाहेर आली तेव्हा पदर खांद्यावर होता.

माझा रिपोर्ट आषाढीच्या आदल्या दिवशी आला. सासूबाई पंढरपूरला गेलेल्या, घरात मी आणि मुलगी. कॅन्सर नाही. गाठीचं नाव लांबलचक आहे, सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करायची आहे. संध्याकाळी आम्ही दोघी सिद्धेश्वरला जाऊन तळ्याच्या काठी बसलो, आणि मी तीन महिन्यांत पहिल्यांदा रडले.

अक्काचा रिपोर्ट तसा आला नाही. तिचे उपचार बार्शीला चालू आहेत. आमच्यात फोन होतो. परवा तिने विचारलं, "ती सिस्टर कशी आहे?" उपचारांचा विषय चालला होता, मध्येच विचारलं. म्हणून सांगते, हे आभार चांगल्या रिपोर्टचे नाहीत. रिपोर्ट तुमच्या हातात नव्हता. आमच्या दोघींचे कागद दोन दिशांना गेले आणि दोघींना तुम्ही सारख्याच आठवता.

आता कामाचं. झग्यांचा विचार माझ्या डोक्यातून जात नव्हता. सुती कापडाचे बारा झगे शिवले आहेत. पुढून उघडणारे, दोन्ही बाजूंना वेगवेगळी झडप, बंदांनी बांधायची, म्हणजे जी बाजू तपासायची तेवढीच उघडी राहील. बटणं लावली नाहीत, आडवं झोपल्यावर टोचतात. गरम पाण्यात धुऊन बघितले, रंग जात नाही. माप मोठं ठेवलं आहे.

आणि एक विनंती. आमच्याकडे काजाबटणाला बसणारी एक मुलगी आहे, तीस वर्षांची. गेल्या आठवड्यात सगळ्या जेवायला गेल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच बोलली. सोनोग्राफी झाली, सुई सांगितली आहे, आणि तिलाही कुणीतरी पसरण्याचं सांगितलंच आहे. मी तिला माझा व्रण दाखवला, तांदळाच्या दाण्याएवढाही नाही. मुंगीचं सांगितलं, दहा आकड्यांचं सांगितलं, सुई जाड असते हेही लपवलं नाही. मग तिला टिचबटणाच्या मशीनपाशी नेलं आणि रिकामंच दाबलं. खट्. साधारण असाच आवाज असतो, म्हटलं. तिसऱ्यांदा तिने स्वतः दाबलं.

मंगळवारी सकाळी तिला घेऊन येते. झगेही आणते. तरी तुमच्या यंत्राचा आवाज तिला एकदा ऐकवाच, आमच्या मशीनचा जरा जड आहे.

तुमची,
गणवेशवाली ताई
सोलापूर