कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या त्या सिस्टरांचे आभार

आईची मधुमेहाची वार्षिक तपासणी होती. उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हणून चहासुद्धा न घेता आलेली, आणि रांग काही हलेना. एकाएकी तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. नंबरबिंबर न बघता सिस्टरांनी बोटाला सुई टोचली. साखर 58, म्हणजे कमी! लगेच साखरपाणी पाजलं, 15 मिनिटांनी परत तपासलं. वर म्हणाल्या, “एचबीएवनसीला, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीला, उपाशी लागत नाही, ते आजच घेऊया. बाकीचं पुढच्या वेळी, आणि पहिला नंबर तुमचाच.”

मग जमिनीवर बसून आईचे पाय मांडीवर घेतले, नायलॉनच्या बारीक तारेनं तळव्यांना स्पर्श कळतो का ते तपासलं. चपलेनं अंगठ्याजवळ पाडलेली जखम आईला जाणवलीच नव्हती. ती यांना दिसली.

नाव विचारलं तर हसून पुढच्या पेशंटला हाक मारली. सिस्टर, जखम भरली. मनापासून आभार!