तालीम घाटावर नको, घड्याळावर हवी

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर बोटी उतरतात, जवान एखाद्याला पाण्यातून ओढून काढतात, फोटो निघतात आणि महापुराची रंगीत तालीम उरकते. बोट हाकायला हात बसतो, एवढं खरं. पण महापुरात चुकते ती वेळ. तिची तालीम संगणकावरच्या खेळात स्वस्तात होते.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. मधल्या चार फुटांचाच हा खेळ. खऱ्या दहा मिनिटांत खेळातले दोन तास जावेत. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात, एकेकातून १,४२८ क्युसेक. खेळातही पाचवा दरवाजा रात्री दोनला उघडावा, कुणाला न विचारता. पुढे शिरोलीजवळ महामार्ग बंद, २०१९ सारखाच. मग उपसा केंद्रं पाण्यात.

सगळ्यांना एका सभागृहात बसवलं की खेळ फसतो, कारण प्रत्येकाला सगळंच ऐकू येतं. तहसील, पोलीस, महावितरण, ग्रामपंचायत वेगळ्या खोल्यांत बसवा, ४१ फुटांना मोबाइल बंद करा. दुसरी चूक बोटींची. दहाजणांच्या बोटीत दोघे चालवणारे, म्हणजे माणसं आठ. एका फेरीला ४० मिनिटं धरली तर आठ तासांत बारा फेऱ्या, ९६ माणसं. उसात किंवा तारेत पंखा अडकला की तेवढीही नाहीत. बाराशेच्या गावाला अशा तेरा बोटी लागतील. आणि जनावरं? गोठा रिकामा झाल्याशिवाय माणूस घर सोडत नाही. रस्ता उघडा असेतो म्हैस टेम्पोत चढते, नंतर तिला बोटीत कोण घालणार? खेळात जनावरांचा रकाना नसेल तर तो खेळ शहरातल्या माणसाने बनवलाय, असं खुशाल समजा.

महागड्या यंत्रणेची गरज नाही. एक लॅपटॉप आणि एक्सेलचा तक्ता पुरतो. पाण्याच्या फैलावासाठी हेक-रास हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पण उपग्रहावरून काढलेल्या मोफत उंची-नकाशांत काही मीटरची चूक निघते, आणि इथे हिशेब फुटांचा. त्यापेक्षा प्रयाग चिखली, आंबेवाडीच्या भिंतींवर २०१९ आणि २०२१ चं पाणी कुठवर आलं ते मोजून घ्यावं. प्रत्येक निरोप कधी निघाला, कधी पोहोचला, हे दोन रकाने मात्र भरायलाच हवेत. शेवटी भांडण त्याच्यावरच होतं.

– एक वाचक, करवीर