अस्सल पिझ्झा ठरवण्याआधी भट्टी विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘अस्सल पिझ्झा कोणता’ हा लेख आणि त्यावर आठवडाभर आलेली वाचकांची पत्रं वाचली. नेपल्सचा तेवढा खरा, शिकागोचा म्हणजे चीजने भरलेलं भांडं आणि आपल्या गाडीवरचा तर पिझ्झाच नव्हे, असा एकूण सूर होता. सगळा वाद टॉपिंगवर चालला होता: अननस चालतो का, पनीर चालतं का, केचप लावावा का. पण पिझ्झाची शैली टॉपिंगने ठरत नाही. भट्टी किती तापते, पीठ तिच्यात किती वेळ राहतं आणि त्या गावात कोणतं चीज मिळत होतं, या तीन गोष्टींनी ती ठरते.

आधी इटलीतलं नेपल्स. तिथल्या पिझ्झाचे नियम लेखी आहेत. १९८४ साली तिथे स्थापन झालेल्या संघटनेने ते घालून दिले, २०१० साली युरोपीय संघाने त्या पिझ्झाला पारंपरिक पदार्थ म्हणून संरक्षण दिलं आणि २०१७ साली तो बनवणाऱ्यांची कला युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. पीठ, पाणी, मीठ, यीस्ट, बस्स. तेल नाही, साखर नाही. गोळा २०० ते २८० ग्रॅमचा, लाटणं वर्ज्य, हातानेच पसरायचा. कड एक ते दोन सेंटीमीटर उंच. भट्टी लाकडावर तापवलेली, तळ ४०० अंशांच्या आसपास, घुमट त्याहून गरम, आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर.

हे ९० सेकंद लक्षात ठेवावेत, कारण सगळं गणित त्यांत आहे. एवढ्या आचेत कडेवर काळे ठिपके पडतात, तेव्हा आतलं पाणी अजून आतच असतं. म्हणून तो पिझ्झा मऊ, लवचिक, मधोमध थोडा ओला. हेच बिनतेलाचं, बिनसाखरेचं पीठ घरच्या ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, २५० अंशांवर घातलं तर रंग यायला आठ-दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात पाणी उडून जातं आणि हातात येतो टोस्ट. लेखात दिलेली ‘नेपल्स पद्धतीची’ घरगुती कृती नेमकी इथे फसते. ती करून पाहणाऱ्याला वाटतं की आपला हात बसलेला नाही. हाताचा दोष नाही, आच अपुरी आहे.

न्यूयॉर्कमध्ये लिटल इटलीतल्या स्प्रिंग स्ट्रीटवर १९०५ साली लोम्बार्डीज हे पिझ्झाचं दुकान सुरू झालं, ते कोळशाच्या भट्टीवर. पुढे गॅसच्या सपाट ओव्हनचा जमाना आला. हे ओव्हन साधारण २८० ते ३०० अंशांवर चालतात आणि पिझ्झाला सहा-आठ मिनिटं लागतात. म्हणून पिठात थोडी साखर आणि थोडं तेल आलं: साखर कमी आचेवर रंग आणते, तेल कवच कडक होऊ देत नाही. पीठही जास्त प्रथिनांचं, १३ टक्क्यांच्या वरचं, कारण अठरा इंची चकती हाताने ताणायची आणि तिचा तुकडा दुमडून चालता चालता खायचा. चीजही बदललं. ताज्या मोझरेलात ५२ ते ६० टक्के पाणी असतं, ते सहा-आठ मिनिटं शिजलं की तळं साचतं. म्हणून ४५ ते ५२ टक्के पाण्याचं कोरडं मोझरेला. ही तडजोड नाही, नव्या भट्टीला दिलेलं उत्तर आहे. नेपल्सच्या भट्टीत न्यूयॉर्कचं पीठ घालून पाहा, साखरेमुळे मिनिटभरात करपेल.

अमेरिकेच्या त्याच पूर्व किनाऱ्यावरच्या न्यू हेवनमध्ये कोळसा टिकला. फ्रँक पेपेचं दुकान तिथे वूस्टर स्ट्रीटवर १९२५ पासून आहे. तिथले लोक पिझ्झाला ‘अबीत्स’ म्हणतात, आणि साधा पिझ्झा मागितला तर त्यावर टोमॅटो आणि किसलेलं कडक चीज एवढंच येतं. मोझरेला हवं तर वेगळं सांगावं लागतं. तिथली ख्याती शिंपल्यांच्या पांढऱ्या पिझ्झाची: टोमॅटो नाही, फक्त शिंपले, लसूण, तेल, ओरेगानो आणि किसलेलं चीज. तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं खाणाऱ्या कोकण-गोव्याच्या वाचकांना तो पटकन कळेल.

शिकागोवर मात्र लेखात अन्याय झाला आहे. १९४३ साली पिझ्झेरिया उनोमधून निघालेला खोलगट पिझ्झा म्हणजे ‘उलटा’ पिझ्झा, असं म्हणून लेखक पुढे गेले. उलटा का, हे सांगायला हवं होतं. तो इंच-दीड इंच उंच असतो, शिजायला ३० ते ४० मिनिटं घेतो. चीज वर ठेवलं तर तेवढ्या वेळात जळून कातडं होईल. म्हणून चीज तळाला, मधे सॉसेज किंवा भाज्या, आणि झाकणासारखा वर टोमॅटो. पिठात तेल भरपूर, काही ठिकाणी लोणीही, आणि मळायचं जेमतेम मिनिट-दोन मिनिटं. जास्त मळलं तर चिवट होतं, कमी मळलं तर शंकरपाळ्यासारखं खुसखुशीत राहतं. तळ ओला राहिला तर दोष बहुधा टोमॅटोचा. कुस्करलेला टोमॅटो अर्धा तास गाळणीत निथळत ठेवल्याशिवाय वर घालू नये.

शिवाय शिकागोची माणसं रोज हे खात नाहीत. त्यांचा घरचा पिझ्झा वेगळा: पापडासारखा पातळ, कुरकुरीत, बारमध्ये बिअरबरोबर चौकोनी तुकडे करून वाढलेला. हा चक्क लाटून करतात. लाटलेली चकती फ्रिजमध्ये एक-दोन दिवस उघडी ठेवून वरून सुकू देतात, मग भाजतात. पोळी लाटणाऱ्या घराला सर्वांत सोपा जाणारा पिझ्झा हाच आहे, आणि आपल्याकडे त्याचं नावही कोणी घेत नाही.

डेट्रॉइटचा पिझ्झा चौकोनी. १९४६ साली बडीज नावाच्या बारमध्ये तो निळ्या पोलादाच्या खोल ट्रेमध्ये भाजला गेला. हे ट्रे मोटारींच्या कारखान्यांत सुटे भाग ठेवायला वापरत, असं सांगितलं जातं. ट्रे जाड, म्हणून तळ तळल्यासारखा होतो. चीज विस्कॉन्सिन राज्यातलं, ब्रिक नावाचं, लोण्यासारखं स्निग्ध. ते ट्रेच्या कडेला टेकेपर्यंत पसरतात, म्हणजे कडेने उतरून तिथे खरपूस जाळी धरते. डोशाच्या कडेला धरते तशी. टोमॅटोचे पट्टे सगळ्यात वर.

आता आपली गाडी. बेकरीतला भोकं पाडलेला तयार बेस, तव्यावर लोणी, केचपसारखा गोड सॉस, कांदा-सिमला मिरची आणि वर किसलेल्या प्रोसेस्ड चीजचा डोंगर. पत्रलेखकांनी याची टिंगल केली. पण इथेही आधी आच पाहा. तवा खालून तापतो, वरून आच शून्य. वर झाकण ठेवलं की चीजला मिळते ती फक्त वाफ. मोझरेलाला खरी चव येते ती वरून भाजल्यावर. वाफेत ते नुसतं रबर होतं, आणि निवलं की तुटत नाही. प्रोसेस्ड चीजमध्ये क्षार घातलेले असतात, ते स्निग्धांश आणि पाणी धरून ठेवतात, म्हणून ते वाफेवर किंवा नुसत्या उबेवरही मऊ राहतं, तेल सोडत नाही. म्हणजे तव्याला साजेसं चीज गाडीवाल्यांनी बरोबर निवडलं. ही शैलीच आहे आणि तिला शैली म्हणावं.

तिच्यात सुधारणा मात्र हव्यात. बेस आधी उलटा टाकून वरची बाजू मिनिटभर लोण्यावर भाजून घ्यावी, मग पालटून सॉस लावावा, नाहीतर सॉस मुरून मधला भाग लगदा होतो. कांदा आणि सिमला मिरची कच्ची घालू नये. झाकणाखाली ती पाणी सोडते. मोठ्या आचेवर दोन मिनिटं परतून, गार करून घालावी. तवा जाड बिडाचा असावा. पातळ नॉनस्टिकवर लोणी करपतं आणि बेस पांढरा राहतो.

अननसाबद्दल एवढंच. तो पिझ्झा हवाईचा नाही, कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात चॅटम गावी सॅम पॅनोपुलोस यांनी १९६२ साली केला. ते जन्माने ग्रीक. त्यांनी डब्यातला अननस वापरला आणि तेच योग्य आहे. ताज्या अननसातलं एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं, त्याने कडसरपणा येतो. डब्यातला अननस उकळलेला असतो, त्यात ते निकामी झालेलं असतं. आपला ताजा अननसच वापरायचा तर फोडी कोरड्या तव्यावर तपकिरी होईपर्यंत भाजा. एन्झाइमही जातं, पाणीही जातं.

मिसळीवर आपल्याकडे हाच वाद आहे आणि तोही ‘खरी कोणाची’ इथेच अडकतो. कोल्हापूरला कट पातळ आणि तिखट, म्हणून सोबत स्लाइस ब्रेड, जो रस्सा शोषून घेतो. पुण्याच्या मिसळीत पोहे येतात, ते तिखट सौम्य करतात. नाशकाला बाजूला पापड आणि दही. नागपूरला तर्री पोह्यांवर जाते, हरभऱ्यासह. तर्री लाल दिसते कारण मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. तेलात मिरचीपूड मंद आचेवर न घालता सरळ पाण्यात टाकली तर कट मातकट होतो, मग तो कोणत्याही गावचा असो. एवढं समजलेला माणूस कोल्हापुरात कोल्हापूरची आणि नाशकात नाशिकची मिसळ चवीने खातो. पिझ्झाबाबत आपण एवढं मोठं मन का दाखवू नये, हे मला कळत नाही.

गोव्याच्या वाचकांसाठी एक सूचना. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भट्टीला दगड-मातीचा सपाट तळ असतो आणि ती लाकडावर तापते. पाव-पोई निघाल्यावर भट्टीत आच उरते, ती नेपल्ससाठी कमी पण रोममध्ये मोठ्या ट्रेत भाजून, कात्रीने कापून वजनावर विकतात त्या पिझ्झासाठी पुष्कळ आहे. तंदूर मात्र या कामाचा नाही. आच भरपूर, पण भाजायचं उभ्या भिंतीवर, त्यामुळे वरचं सगळं निखाऱ्यात जाणार.

घरी २५० अंशांचा ओटीजी असलेल्यांनी डेट्रॉइटची वाट धरावी. आठ इंची चौकोनी ॲल्युमिनियमच्या टिनसाठी: मैदा १४० ग्रॅम, पाणी ९५ मिली, मीठ ३ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट १ ग्रॅम. आपल्या मैद्यात प्रथिनं दहा टक्क्यांच्या आसपास असतात. त्यातला ६ ग्रॅम मैदा काढून तेवढी ग्लूटेन पावडर घातली तर पीठ चांगलं तग धरतं, पण या पिझ्झाला ती अत्यावश्यक नाही, कारण ट्रेच्या भिंती आधार देतात. पीठ चिकट वाटेल, म्हणून मैदा भुरभुरवत बसू नका. मिसळून वीस मिनिटं झाकून ठेवा, मग ओल्या हाताने तीन-चार घड्या घाला. दीड-दोन तासांनी टिनमध्ये मोठा चमचाभर तेल सोडून बोटांनी पसरवा. आक्रसलं तर ओढू नका, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा पसरवा. परत तासभर फुगू द्या. मोझरेला ८० ग्रॅम आणि चेडार ४० ग्रॅम किसून थेट टिनच्या भिंतीला लागेल असं घाला.

ओटीजी दोन्ही रॉड लावून पूर्ण वीस मिनिटं तापवा. दिवा विझला म्हणजे हवा तापली, भिंती नव्हे. टिन खालच्या कप्प्यात, १३ ते १५ मिनिटं. आटवलेला टोमॅटो गरम करून बाहेर काढल्यावर पट्ट्यांनी घाला. दोन-तीन मिनिटांतच कडेने पातळ सुरी फिरवून पिझ्झा जाळीवर काढा. उशीर केला तर चीज टिनला घट्ट धरतं, आणि ताटात ठेवला तर वाफेने तळ मऊ पडतो.

शेवटी एक दुरुस्ती. पुरवणीतल्या कृतीत ५०० ग्रॅम मैद्याला दोन चमचे यीस्ट घालून पीठ ‘उबदार जागी दोन तास’ ठेवायला सांगितलं आहे. ही कृती थंड देशातून जशीच्या तशी आली आहे. नेपल्सच्या नियमांत एक लिटर पाण्याला, म्हणजे साधारण १६०० ते १८०० ग्रॅम पिठाला, ताजं यीस्ट जास्तीत जास्त ३ ग्रॅम. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात दोन चमचे यीस्टचं पीठ तासाभरात फुगून खाली बसतं, आंबूस वास येतो आणि ताणलं की फाटतं. ५०० ग्रॅमला अर्धा चमचा पुरे, पाणी माठातलं किंवा फ्रिजमधलं गार. पीठ अर्धा तास बाहेर ठेवून मग फ्रिजमध्ये चोवीस तास. महाबळेश्वरला जानेवारीत तेच पीठ रात्रभर बाहेर राहिलं तरी चालेल. पुढच्या अंकात ही दुरुस्ती छापावी आणि यापुढे प्रत्येक भाजलेल्या पदार्थाच्या कृतीसोबत पिठाचं वजन ग्रॅममध्ये, भांड्याचं माप आणि कोणत्या ओव्हनमध्ये किती अंशांवर करून पाहिलं ते द्यावं, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक बेकरी कारागीर, पुणे