सुधीर, तो नाग घरात ठेवू नकोस

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. गोठ्यातून पकडलेला नाग तू काचेच्या पेटीत ठेवलास आणि तो आता ‘माणसाळलाय, फणाही काढत नाही’ असं लिहिलंस. अरे, फणा न काढणं म्हणजे एक तर त्याला तुझी सवय झाली, नाहीतर तो उपाशीपोटी गळून गेलाय. विष दोन्ही वेळी तेवढंच असतं. पाळणाऱ्यांना बरेच दंश खाऊ घालतानाच होतात. हाताला उंदराचा वास असतो आणि साप भक्ष्य समजून चावतो.

‘एएसव्ही (सर्पविषावरचं इंजेक्शन) आहे ना’ हा तुझा भरवसा मला सगळ्यात जास्त खटकला. एक कुपी १० मिलिलिटरची. ती नागाचं साधारण ६ मिलिग्रॅम विष निकामी करते. पूर्ण वाढलेला नाग एका दंशात ६० मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडू शकतो, म्हणून तर दवाखान्यात सुरुवातच ८-१० कुप्यांनी होते. हे औषध घोड्याच्या रक्तापासून बनतं, त्याची जोरदार ॲलर्जी येऊ शकते आणि तेव्हा ॲड्रेनलिन हाताशी लागतं. फ्रिजमध्ये ठेवून घरी टोचायची ही वस्तू नव्हे. पापण्या जड होऊन श्वास मंदावला तर व्हेंटिलेटरच लागतो. आणि तालुक्याच्या दवाखान्यातल्या त्या दहा कुप्या भातखाचरात घोणस चावलेल्या बाईच्याही आहेत. हौसेपायी त्या संपवायचा हक्क आपल्याला नाही.

तुझ्या ओळखीचा तो मुलगा परदेशी साप आणतोय म्हणे. त्याला सांग, आपल्याकडची एएसव्ही नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्याच विषावर बनते. आपल्याकडच्या चापडा या विषारी सापावरसुद्धा ती चालत नाही.

कायद्याचं तुला ठाऊकच आहे. १९७२च्या वन्यजीव कायद्याने नाग पाळणं गुन्हा आहे, सर्पमित्राचं ओळखपत्र असलं तरी. पकडायचं ते सोडण्यासाठीच.

रात्री सोडणं शक्य नसेल तेव्हाच, पकडलेला साप एका रात्रीपुरता ठेवावा. जाड सुती पिशवी उलटी करून शिवण तपास. चार इंची पाइपाच्या एका टोकाला ती बांधून दुसरं मोकळं तोंड भिंतीलगत ठेव, अंधार दिसला की साप आपणहून आत शिरतो. पिशवीला पीळ देऊन गाठ मार आणि ती झाकणाला भोकं पाडलेल्या बादलीत ठेव. नुसती पिशवी पुरत नाही, दात कापडातून आरपार जातात. उचलायची ती गाठीच्या वरूनच. बादलीला कुलूप लाव, वर ‘विषारी साप’ लिही, आणि घरातल्या प्रत्येकाला सांग. वहिनींना न सांगता खोलीत नाग ठेवणं ही त्यांची फसवणूक आहे.

उद्या सकाळी वनखात्याला १९२६वर कळव. नाग अशक्त असेल तर पशुवैद्याला दाखवायची सोय तेच करतील. धडधाकट असेल तर गोठ्याजवळच्याच बांधावर, बीळ-झुडूप पाहून सोड. लांबच्या रानात नेऊन सोडलेले साप बहुधा तग धरत नाहीत. पेटीचं झाकण हाताने उघडू नकोस, लांब काठीचा हुक वापर, आणि सोबत एक माणूस गाडी घेऊन असू दे.

सोडलास की लगेच फोन कर.

तुझा,
विनायक