परत परत तुंबणाऱ्या लाइनीबद्दल

प्रिय आई-बाबा,

मोरी परत तुंबली आणि परत स्प्रिंग (पाइपात सारायची लांब लवचिक तार) घालून मोकळी करून घेतलीत, असं कळलं. पाणी जायला लागलं म्हणजे लाइन साफ झाली असं नाही. स्प्रिंग चिकट थरातून आरपार जाते, बोटभर वाट पडते आणि पाणी उतरतं. पाइपाच्या आतला थर मात्र तसाच राहतो. त्यावर केस, साबणाचा साका, खरकटं बसत जातं आणि ती वाट पुन्हा बुजते. म्हणून या वेळी आधी जागा शोधा, मग माणूस बोलवा.

एकटं सिंक किंवा एकटी मोरी तुंबत असेल, तर घाण तिथल्या ट्रॅपमध्ये (वास अडवायला पाणी धरून ठेवणारा भाग) किंवा त्याच्या लगतच्या पाइपात असते. पण फ्लश केल्यावर मोरीच्या जाळीतून पाणी वर येत असेल, कपड्यांच्या मशीनचं पाणी सुटताना गुडगुड होत असेल, तर मेन लाइन धरा. त्या वेळी घरातले सगळे नळ बंद, मशीनही बंद.

बाबा, मग चेंबरची (मैल्याच्या लाइनवरच्या हौदांची) झाकणं घराकडून बाहेरच्या दिशेने एकेक उघडून घ्या. तुम्ही स्वतः उचलू नका. घरात पाणी तुंबलेलं आणि पहिलं चेंबर रिकामं असेल, तर अडथळा त्या दोघांच्या मध्ये. पहिलं भरलेलं, दुसरं रिकामं, तर त्या दोन चेंबरच्या मध्ये. सगळीच भरलेली असतील तर दोष आणखी पुढे आहे. चेंबरवर वाकून बघायचं नाही आणि कुणालाही आत उतरू द्यायचं नाही, कितीही अनुभवी असला तरी. साचलेल्या मैल्यातला हायड्रोजन सल्फाइड नाक बधिर करतो. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असं समजू नका.

सगळ्यात महत्त्वाचं, स्प्रिंग बाहेर काढताना तिच्या टोकाच्या आकड्याला काय लागून येतं ते बघा. करडा, मेणचट, केसांत गुंतलेला गोळा आला तर तेल आणि साबण. बारीक तंतूंसारखी मुळं आली तर कुठला तरी जोड उघडा पडलाय. मुळं कापली तरी ती पुन्हा येणार, जोडच दुरुस्त करावा लागतो. माती किंवा खडी आली तर बहुधा पाइप फुटलाय. वाइप्स किंवा पॅड आले तर ते संडासात टाकणं बंद. आणि फारसं काही न येता त्याच जागी तुंबत असेल, तर उताराचा संशय घ्या. 100 मिमी पाइपाला मीटरमागे साधारण 25 मिमी उतार लागतो. जमीन खचून पाइपाला झोळ पडला की तिथे पाणी साचतं आणि मैला तळाशी बसतो. अशा वेळी आधी जेटिंग (पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाइप धुणं) करून घ्या आणि मग कॅमेरा टाकायला सांगा. घाणेरड्या पाइपात कॅमेऱ्याला काही दिसत नाही. दोष चेंबरपासून किती मीटरवर आहे ते लिहून घ्या, म्हणजे तेवढाच तुकडा खोदावा लागेल.

आई, सिंकखालचा बॉटल ट्रॅप तुला हातानेच उघडता येईल. खाली बादली ठेव, वाटी फिरवून काढ, आतली घाण धू. लावताना वॉशर सरळ बसलाय ना ते बघ, आणि पाणी सोडून जोडाखाली कोरडा कागद धर. रबरी पंप मारायचा असेल तर सिंकच्या वरच्या कडेजवळचं ओव्हरफ्लोचं भोक ओल्या फडक्याने दाबून धर, रबर बुडेल इतकं पाणी ठेव आणि 15-20 झटके दे. तेलकट भांडी धुण्याआधी कागदाने पुसून घेत जा. उकळतं पाणी ओतू नकोस, पीव्हीसी साधारण 60 अंशांच्या पुढे मऊ पडतो.

लाइन मोकळी करायला विकतात ते अ‍ॅसिड आणि कॉस्टिकची पावडर मात्र दोघांनीही घरात आणू नका. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. पावडर आधीच ओतली असेल तर स्प्रिंग घालणाऱ्याला तसं सांगा. तुंबलेलं पाणी उडून डोळ्यांत गेलं तर डोळे भाजतात.

दर वेळी तुंबल्याची तारीख आणि जागा कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढच्या वेळी आकड्याचा फोटो काढून मला पाठवा, त्यावरून जेटिंगचा माणूस सांगायचा की खोदणारा, ते ठरवू.

तुमची,
लेक